करडीचा श्वास

करडी नेमकी तिथेच रुसली... तळ्याच्या वळणावर, जिथे झाडं संपतात आणि वाऱ्याला मोकळं रान मिळतं.

आधी एक हिसका. मग दुसरा. मग इंजिनाचा आवाज बारीक होत गेला, गोष्ट सांगता सांगता म्हातारीला डुलकी लागावी तसा, आणि सगळं गप्प.

"अगं, आज नको ना गं," कुन्नेईने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

करडी म्हणजे तिच्या बाबांची जुनी गाडी. राखाडी घोडीच्या रंगाची, म्हणून करडी. बाबा गेले, गाडी राहिली, आणि त्या गाडीच्या जिवावर कुन्नेईची नोकरी राहिली. पलीकडच्या गावच्या शाळेत ती पोरींना शिवण शिकवायची. चामड्याचे बूट, लोकरीचे हातमोजे, त्यावर मण्यांची नक्षी. पण गेले पंधरा दिवस करडी रोज याच वळणावर बंद पडत होती. थोड्या वेळाने आपली आपणच सुरू व्हायची, जणू काही झालंच नाही! पण सायबेरियातल्या याकुतियाच्या हिवाळ्यात, उणे चाळिसात, तो थोडा वेळसुद्धा जिवावरचा असतो. कालच आईने निक्षून सांगितलं होतं, "आता एकदा जरी रस्त्यात थांबली, तर मी ती विकणार. गाडी गेली तर गेली, माझी पोरगी जायला नको."

आणि आज ती थांबली होती.

मागून घरघर आली. बर्फाच्या लाद्यांनी भरलेला ट्रक होता. तळ्यातून कापलेल्या, काचेसारख्या निळ्या लाद्या. घरोघरच्या पिण्याच्या पाण्यासाठी. ट्रक थांबला. थांबणारच होता, या रस्त्यावर उभ्या गाडीला ओलांडून कुणी पुढे जात नाही. एक तरुण उतरला. पापण्या पांढऱ्या, टोपीच्या कडा पांढऱ्या, फक्त डोळे तेवढे काळे... आणि हसरे.

"या, आधी माझ्या ट्रकमध्ये बसा. तुमच्या गाडीशी मी बोलतो."

"तिच्याशी बोलायला अख्खं गाव येऊन गेलंय," कुन्नेई मफलरमधून म्हणाली.

"काय म्हणालं गाव?"

"गॅरेजवाले सेम्योनकाका म्हणाले, पेट्रोलमध्ये पाणी. टाकीत स्पिरिट ओतलं. शेजारी म्हणाले, प्लग. प्लग नवे घातले. मामा म्हणाले, बाईमाणसाच्या हातात गाडी लाडावते."

"मग मामांवर काय उपाय केलात?"

"चहा पाजून घरी पाठवलं."

तो खळखळून हसला. त्याचं नाव मिचिल होतं, म्हणजे हसू. आईबापांनी नाव ठेवताना काही चूक केली नव्हती, असं कुन्नेईला उगीचच वाटून गेलं.

त्याने खिशातून धिरडं काढलं, तुकडा मोडून रस्त्याकडेच्या बर्फात ठेवला आणि उरलेलं तिच्यापुढे धरलं. "पहिला घास रस्त्याच्या राखणदार देवाला, दुसरा बाईंना."

"आणि तुम्हाला?"

"मी बर्फवाला. मला पाणीसुद्धा चावूनच प्यावं लागतं."

मग त्याने बॉनेट उघडलं. कुन्नेईला वाटलं, आता हा पाने काढणार, इथलं पिळणार, तिथलं ठोकणार. आतापर्यंत आलेल्या प्रत्येकाने तेच केलं होतं. पण याने कशालाच हात लावला नाही. नुसता वाकून उभा राहिला, कान देऊन. तळ्यावरचे लोक बर्फ कापण्याआधी काठीने ठोकतात आणि आवाजावरून ओळखतात, कुठे पाय ठेवायचा, कुठे नाही. तसाच तो उभा होता. इतक्या शांतपणे ऐकणारा माणूस कुन्नेईने बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

"सेम्योनकाकांच्या गॅरेजमध्ये कधी बंद पडली?"

"छे! तिथे सुतासारखी सरळ. म्हणून तर काका मलाच वेड्यात काढतात."

"रात्री कुठे असते?"

"आमच्या शेडमध्ये. शेगडी असते तिथे."

"हं..." तो म्हणाला. त्या 'हं'मध्ये एवढा विचार होता की कुन्नेईला गाडीचा हेवा वाटला.

तेवढ्यात कुन्नेईने पुन्हा चावी फिरवली, आणि करडी सुरू झाली. मिचिल म्हणाला, "तुम्ही पुढे चला, मी मागे आहे. शनिवारपर्यंत रोज याच वेळी इकडून बर्फ न्यायचाय."

"आणि शनिवारनंतर?"

"उत्तरेचा, गोठलेल्या नद्यांवरचा हिवाळी रस्ता उघडतोय. सोमवारी मालट्रक घेऊन निघायचं. येईन थेट वसंतात."

आरशात त्याच्या ट्रकचे दिवे तिच्या मागे येत राहिले. शाळेपर्यंत. घरी तिने आईला काही सांगितलं नाही. आईने विचारलंही नाही, फक्त लेकीच्या गालांकडे पाहिलं आणि म्हणाली, "आज थंडी जास्त होती वाटतं."

दुसऱ्या दिवशी करडी पुन्हा वळणावर थांबली. तिसऱ्या दिवशीही. आणि कुन्नेईची पंचाईत अशी की, वळण जवळ आलं की तिला धाकधूक व्हायची. थांबेल म्हणून की थांबणार नाही म्हणून, तेच कळत नव्हतं. शाळेतल्या पोरींनी तोवर गाणं रचलं होतं:

करडी करडी, चालतेस का?
निम्म्या वाटेत रुसतेस का?
रुसवा काढायला येतंय कोण?
ट्रकाचे डोळे चमकती दोन!

तिसऱ्या दिवशी मिचिलने पुढून सुरुवात केली. इंजिन, बॅटरी, नळ्या. एकेक गोष्ट बघत, बोटाने ठोकत तो मागे सरकत गेला. कुन्नेई त्याच्या पावलांकडे बघत होती. ताज्या बर्फात किती नीट उमटली होती ती! दोन्ही टाचा बाहेरच्या बाजूने झिजलेल्या. तिने खिशातली दोरी काढली...

"बाई, हे कोणी केलं?"

तिने दोरी मुठीत लपवली. तो पेट्रोलच्या टाकीच्या झाकणापाशी उभा होता. झाकणावर एक इवलीशी टोपी होती. बाहेरून घोड्याच्या कातड्याची, आतून दाबलेल्या लोकरीच्या जाड नमद्याची, वर मण्यांचा सूर्य. खाली नाडी ओढून घट्ट बांधलेली.

"मी," कुन्नेई जरा तोऱ्यातच म्हणाली. "इंजिनाला गोधडी, बॅटरीला लोकरीची पिशवी, पुढच्या जाळीला पुठ्ठा. सगळ्यांना कपडे आणि हिचं तोंड तेवढं उघडं? मागच्याच पंधरवड्यात शिवली."

"काय हात आहे तुमचा!" तो त्या सूर्याकडे बघतच राहिला. "हे मणी... एकेक किरण वेगळा. माझ्या आयुष्यात एवढी सुंदर गोष्ट कुणी झाकणाला घातलेली पाहिली नाही."

मग त्याने टोपीला बोट लावलं, आणि त्याचं बोलणं अडलं.

"काय झालं?"

"काही नाही... बाई, रागावणार नसाल तर एक सांगू?"

"सांगा की."

"नाही, म्हणजे... एवढं मन लावून केलेलं..."

"अहो बर्फवाले, आता तुम्ही पण मधेच बंद पडू नका!"

त्याने नाडी सोडवली. टोपी लाकडासारखी टणक झाली होती. ओढून काढावी लागली. मग त्याने झाकण फिरवलं.

स्स्स्स्स...

केवढा लांब उसासा! जणू करडीने कधीपासून कोंडलेला श्वास सोडला.

"या झाकणाला बारीक भोक असतं," मिचिल हळूच म्हणाला. "पेट्रोल जसं कमी होतं, तशी तिथून हवा आत जाते. तुमच्या शेडच्या उबेत रात्री हा नमदा ओला होतो, आणि सकाळी रस्त्यावर गोठून दगड. भोक बंद. इथपर्यंत येईस्तोवर पंप टाकीतून ओढून ओढून थकतो, पेट्रोल पुढे येत नाही. थोड्या वेळाने कुठून तरी हवा झिरपते, की पुन्हा सुरू. आणि काकांच्या गॅरेजमध्ये नमदा मऊ, मग तिथे ती कशाला बंद पडेल?"

कुन्नेई बघतच राहिली. मग तिला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते पापण्यांवर गोठलं.

"म्हणजे पंधरा दिवस मीच हिचं नाक दाबून धरलं होतं?"

"प्रेमानं धरलं होतंत," तो म्हणाला. मग टोपीवरचा बर्फ झाडत, तिच्याकडे न बघता, "ही आता करडीला नको. मला दिलीत तर...? उत्तरेत सूर्य फार दिवस दिसत नाही."

"घ्या," ती म्हणाली. एवढंच.

दुसऱ्या दिवशी करडी वळणावरून अशी निघून गेली की जणू तिथे वळणच नव्हतं! मागे ट्रकचे दिवे होते, पण त्यांना थांबायला कारण उरलं नव्हतं. शाळेच्या फाट्यावर त्याने हॉर्न वाजवला, हात हलवला, गेला. संध्याकाळी आई म्हणाली, "राहू दे बाबांची गाडी. चांगली चालतेय." कुन्नेईला केवढा आनंद व्हायला हवा होता! ती दिव्याखाली बसून बूट शिवत राहिली. मोठ्या मापाचे. आईने पाहिलं आणि या वेळी थंडीचं नावसुद्धा काढलं नाही.

शनिवारी शाळा सुटली. परतीच्या वाटेवर सूर्य तळ्यावर टेकला होता, फिकट, मण्यांच्या सूर्यासारखा. मागे रिकामा ट्रक येत होता. शेवटच्या खेपेचा.

वळण आलं.

करडी छान चालली होती. इंजिन गात होतं. कुन्नेईने एकदा आरशात पाहिलं... आणि चावी फिरवली. सगळं गप्प. तिला स्वतःच्या श्वासाचा बर्फ होतानाची कुजबुज ऐकू आली.

ट्रक थांबला. मिचिल उतरला. सरळ मागे गेला, झाकण उघडलं. वाट पाहिली. मग तिच्या खिडकीशी आला.

"उसासा नाही टाकला तिने."

"हो?"

"म्हणजे हवा जातेय. प्लग?"

"नवे आहेत."

"पेट्रोल?"

"काठोकाठ."

"मग बंद कोण पडलंय, बाई?"

कुन्नेईने मफलर खाली केला. "मी."

तिने मागच्या सीटवरून बूट काढून त्याच्या हातात दिले. हरणाच्या कातड्याचे, काठावर मण्यांचे तसेच किरण. त्याने उलटेसुलटे करून पाहिले, पायाशी लावले. तंतोतंत!

"माप कुठे मिळालं?"

"तू रोज ठेवून जात होतास की... बर्फात." तोंडातून 'तू' निघून गेलं, आणि तिने ते परत घेतलं नाही. "आत घट्ट नाहीत. पायांना श्वास घेता येईल एवढी जागा सोडलीय. आता शिकलेय मी."

मिचिलने कोटाच्या आतल्या खिशातून ती टोपी काढली. "ही गाडीत लावणार होतो, आरशाखाली. पण इथून बाहेर निघेचना." मग घुटमळत, "मला वाटलं, गाडी बरी झाली, आता कशाला थांबेल कुणी... कुन्नेई, मी बर्फ फुटायच्या आत येईन. तोवर थांबशील?"

"करडीला विचार. थांबायची सवय आहे आम्हाला."

तो हसला, आणि तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की रस्ता फारच शांत आहे. तिने मान वळवली.

"मिचिल... ट्रकचं इंजिन?"

त्याचं हसू जागच्या जागी गोठलं. या थंडीत उभ्या ट्रकचं इंजिन कुणी शहाणा माणूस बंद करत नाही.

तो पळत गेला. चावी फिरवली. ट्रक खोकला, कण्हला आणि मुका झाला. मिचिल परत आला तो मान खाली घालून.

"तुला थांबलेलं पाहिलं, आणि... हात आपोआप चावीवर गेला."

"अख्ख्या जिल्ह्यात सांगेन हं मी हे!"

"सांग. पण आधी मला आत घे, गारठलो."

तो शेजारी बसला, बूट मांडीवर घेऊन. कुन्नेईने चावी फिरवली. करडी पहिल्या हाकेला उठली.

"कुठे नेतेस?"

"घरी. शेगडी आहे, सेम्योनकाका येऊन तुझा ट्रक उठवतील. आणि आईने सांगितलंय, गाडी एकदा जरी रस्त्यात थांबली तर विकणार." तिने रस्त्यावरची नजर न काढता हसू दाबलं. "ती आज थांबली, हे मी सांगेन. का थांबली... ते तू सांग."