सूतभर फरक

लेथ घरी आली त्या दिवशी सूतभरांनी दुपारचं जेवण उभ्याउभ्याच उरकलं.

"अहो, बसून तरी जेवा," बायको म्हणाली. "यंत्र काही पळून जात नाही."

पण ऐकतील तर ते सूतभर कसले! हे नाव त्यांना कारखान्यात पडलं होतं. सगळी नोकरी फिटरची, आणि कुणाचं काम सूतभर जरी इकडचं तिकडे झालं तरी माघारी पाठवायची खोड. पोरं पाठीमागे सूतभर म्हणायची. निरोपाच्या दिवशी साहेबही भाषणात तेच म्हणून बसले आणि नाव कायमचं चिकटलं.

लेथ लाकूड कातायची होती, टेबलावर मावेल एवढीच, पण कोरी करकरीत. खोक्यातून काढली तेव्हा अंगभर ग्रीस थापलेलं होतं. हे मुद्दाम सांगायचं, कारण ही हकीकत ऐकली की लोक पहिला प्रश्न तोच विचारतात. जुनी घेतली होती का? कुणाच्या घरातून उचलली होती का? छे हो. खोक्याची चिकटपट्टीसुद्धा सूतभरांनी स्वतःच्या हाताने कापली.

ती हवी होती जिन्याच्या कठड्यासाठी. स्वयंपाकघराच्या कडेने एक लाकडी जिना वर जायचा. एका बाजूला भिंत, दुसरी बाजू उघडी. इतकी वर्षं कुणाचं काही अडलं नव्हतं, पण आता बायकोची नजर कडेकडून विझत चालली होती. समोरचं पुसट दिसायचं, बाजूचं काहीच नाही. आणि ती रोज वर जायचीच. वर मुलाची खोली होती. ती झाडायची, खिडकी उघडायची, चादर झटकून पुन्हा घालायची.

"मी झाडतो की वर," सूतभर म्हणायचे.

"तुम्ही कोपरे सोडता."

मुलगा मालवाहू बोटीवर नोकरीला होता. एका बंदरात उतरला तो परत चढला नाही, एवढंच कंपनीने कळवलं. मग चौकशा झाल्या, हेलपाटे झाले. बुडाला म्हणावं तर काही सापडलं नाही, निघून गेला म्हणावं तर कारण नाही. वर्षं लोटली. सूतभरांनी मनातल्या मनात दार लावून घेतलं होतं, फक्त तोंडाने कधी बोलले नाहीत. ती मात्र "तो आहे" एवढंच म्हणायची, आणि असं म्हणायची की पुढे बोलायची कुणाची छाती नव्हती. त्यामुळे या विषयावर नवरा-बायकोत बोलणं असं व्हायचंच नाही. बाकी घरात बोलण्यासारखं उरलं होतं तरी काय?

तर मागच्या शेडमध्ये लेथ बसली आणि कठड्याचा पहिला गज कातायला घेतला. चौकोनी लाकूड दोन टोकांत पकडायचं, यंत्र सुरू करायचं, आणि गरगर फिरणाऱ्या लाकडाला पटाशी हलकेच टेकवायची. कोपरे उडतात, ढलप्या अंगावर येतात, आणि बघता बघता आतून गोल दांडा निघतो. सूतभरांनी वर एक गोळा काढला, खाली खाच, मग फुगीर पोट. शेवटी फिरत्या लाकडावर सँडपेपर धरला. घासून घासून लाकूड तापतं, म्हणून उतरवलेला गज बायकोच्या हातात दिला तेव्हा ती हरखलीच.

"अगंबाई, ऊनऊन आहे की! आत्ताच इस्त्री केल्यासारखा."

ती तो गालाला लावून बसली. किती दिवसांनी तिच्या तोंडावर हसू आलं होतं. सूतभरांना उगीचच भरून आलं, म्हणून ते ढलप्या झाडायला गेले.

आता एका कठड्याचे सगळे गज सारखे हवेत. त्यासाठी पहिला गज समोर ठेवायचा आणि प्रत्येक नवा गज त्याच्याशीच मापायचा, हा साधा नियम. कॉपीवरून कॉपी काढायची नाही. तशी काढली की प्रत्येक वेळची बारीक चूक पुढच्यात उतरते, आणि शेवटचा गज पहिल्याला ओळखही दाखवत नाही. नव्या पोरांनी ही चूक केली की सूतभर त्यांना सगळ्यांसमोर फैलावर घ्यायचे.

आणि तीच चूक त्यांनी स्वतः केली. झालं असं, की पहिला गज तयार झाला त्याच दिवशी बायकोचा पाय खालच्या पायरीवरून घसरला. लागलं नाही, पण सूतभरांना धीर निघेना. त्यांनी तो गज तिथल्या तिथे ठोकून टाकला. मग दुसरा पहिल्याच्या मापाचा केला, तोही बसवला, तिसरा दुसऱ्यावरून, आणि असं जिना चढत चालले. जो हाताशी तोच नमुना.

अर्धा जिना झाल्यावर एकदा खाली उभे राहून त्यांनी नजर टाकली आणि स्वतःशीच म्हणाले, "वाट लावलीस रे सूतभर!"

रांग सरकली होती. गोळा चपटा होत गेला होता, खाच वर चढली होती, पोटाच्या जागी दोन-तीन उंचवटे आले होते. त्यांनी पहिल्या गजावरून पुठ्ठ्याचा साचा कापला आणि पुढचे गज साच्याला लावून लावून कातले. लेथवर असताना साचा चपखल बसायचा. उतरवून बघावं तर गज पहिल्याशी नाही, आदल्याशी जुळता, आणि त्याच्यापासूनही सूतभर पुढे सरकलेला.

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "काका, या मॉडेलची एक तक्रार नाही हो! लोक फुलदाण्या काय, खुर्च्यांचे पाय काय, हवं ते काढताहेत." तरी त्याने मेकॅनिक पाठवला. मेकॅनिकने घड्याळी गेज लावून यंत्र सगळीकडून तपासलं. काटा हललासुद्धा नाही. त्याने स्वतः एक तुकडा कातून दाखवला, अगदी हवा तसा. जाताना म्हणाला, "काका, वय झालं की हात थोडा हलतोच. मनाला लावून घेऊ नका."

सूतभरांनी मनाला लावून घेतलं. दोन दिवस शेडमध्ये पाऊल टाकलं नाही.

तिसऱ्या दिवशी बायको वरून उतरत होती. एकेका गजावर हात ठेवत ती मध्येच थांबली. बोटं एका गजावर वरून खाली फिरली, पुन्हा वर गेली.

"अहो, हे तुम्ही मुद्दाम केलंत?"

"काय?"

"हे नाक."

सूतभर वैतागून म्हणाले, "कसलं नाक? नक्षी आहे ती. बिघडलेली."

"नाकावर दाराची फळी लागून हाड वर आलेलं होतं त्याचं. हे बघा. हा ओठ. ही हनुवटी." तिचा आवाज थरथरत नव्हता, हेच त्यांना जास्त लागलं. "मी आई आहे त्याची. मला डोळे लागत नाहीत."

सूतभरांनी चिडून मागचं दार उघडलं. दुपारचं ऊन आत आलं आणि गजांच्या सावल्या भिंतीवर पडल्या. ते बघतच राहिले. सावलीच्या कडेला कपाळ होतं, डोळ्याची खोबण होती, तो नाकावरचा उंचवटा होता, ओठ होते, गळ्याची घाटी होती. गज गोल, तेव्हा चेहरा दोन्ही कडांना. खालच्या पायऱ्यांना नुसती नक्षी, मग ओझरता कोणीतरी, आणि मधल्या पायरीपासून वर तो. घर सोडून गेला तेव्हा होता तसा. आणि त्याच्याही वरच्या गजांत, गेला तेव्हा नव्हता तसा. नाक जाड झालेलं, गळ्याखाली मांस आलेलं.

"मोठा झालाय," ती म्हणाली. "मी म्हणत होते ना, तो आहे!"

त्या दिवसापासून घर बदललं. बाईंना उद्योगच मिळाला. सकाळी उठली की "आज करणार ना?" म्हणून मागे लागायची. शेडच्या दारात स्टूल टाकून बसायची आणि ऊनऊन गज हातात आला की बातमी सांगावी तशी सांगायची.

"दाढी ठेवलीय बघा यानं. बापाला विचारलं का?"

पुढच्या गजाला हनुवटी मोकळी. "काढली वाटतं. बरं झालं बाई."

सूतभर हसायचे. कुणाला बोलून दाखवलं नसतं, पण त्यांनाही हाव सुटली होती. आयुष्यभर ज्या फरकापायी लोकांना छळलं, तोच फरक आता ते मापाचा कॅलिपर घेऊन शोधत होते. नवा गज आदल्या गजावर चपखल बसला नाही की जीव भांड्यात पडायचा. बसत नाही, म्हणजे बदललाय. बदललाय, म्हणजे आहे.

साचा त्यांनी कधीच फेकून दिला होता.

जिन्याच्या वरच्या पायऱ्या आल्या तेव्हा एक दिवस बाईची बोटं एकाच जागी पुन्हा पुन्हा फिरली.

"वाळलाय हो," ती म्हणाली. "ओठ आत गेलेत. दुखणं आलंय का काही?"

"लाकूड ओलं असेल. आकसतं."

"लवकर करा पुढचा."

पुढचा आणखी वाळलेला निघाला. तिने त्या दिवशी जेवण केलं नाही. सूतभरांनी दुसऱ्या दिवशी चहा घ्यायच्या आधी लेथ सुरू केली. बाहेर ढगाळ होतं. ती जिन्याच्या खालच्या पायरीवर शाल पांघरून बसली होती, तिथूनच हाक मारून विचारत होती, "झालं का?"

गज झाला. सूतभरांनी कॅलिपर आदल्या गजाच्या कपाळावर लावला, मग नव्याच्या.

बसला.

नाकावर लावला. बसला. ओठ, हनुवटी, गळा. प्रत्येक जागी कॅलिपर हलका खस्स आवाज करून सरकला. याच आवाजासाठी त्यांनी नोकरीची सगळी वर्षं घालवली होती.

त्यांनी दुसरं लाकूड चढवलं. हात कापत होते, पटाशी दोनदा निसटली. एवढ्या कापऱ्या हाताने काय धड निघणार?

तेच निघालं. केसाचाही फरक नाही.

"झालं का हो?"

"आलो," ते म्हणाले.

त्यांनी शेवटचा गज पुन्हा लेथवर चढवला. पटाशीचं नुसतं टोक टेकवून ओठांच्या बाजूला एक बारीक घडी पाडली. नाकाच्या टोकाचा अंश घेतला. हनुवटीखाली थोडं कोरलं. वर्ष, दीड वर्ष वाढवलं पोराचं. मग सँडपेपर धरला, कितीतरी वेळ धरला, कागद बोटांना चटके द्यायला लागला तरी सोडला नाही.

दोन्ही हातांत गच्च धरून ते गज घेऊन आले.

तिने तो मांडीवर घेतला. बोटं कपाळावरून उतरली, नाकावरच्या हाडाशी थांबली, ओठांजवळच्या नव्या घडीवर आली आणि तिथेच राहिली. सूतभर पुढ्यात उभे होते. डोळे पुसले असते, पण ती ओळखेल म्हणून पुसले नाहीत.

"आत्ताच उतरवलात ना?" तिने विचारलं.

"हो. आत्ताच."

तिने गज गालाला लावला आणि लगेच काढला.

"मग इतका गार कसा?" ती म्हणाली, आणि अंगावरची शाल काढून त्याच्याभोवती गुंडाळायला लागली.