तिसरा घाव

दिवसभर गेम खेळायचे आणि त्याचा पगार घ्यायचा, म्हणून नातेवाईक माझा हेवा करायचे. दुरून डोंगर साजरे! महिना महिना एकाच भिंतीला धडका देऊन ती पक्की आहे का बघायचं, हे आम्हा टेस्टर लोकांचं काम. चूक सापडली की ती कशी घडली ते पायरी-पायरीने लिहायचं आणि तीनदा घडवून दाखवायचं. तीनदा घडली नाही तर ती चूकच नाही, असा आमच्या लीडचा, म्हणजे टीमच्या प्रमुखाचा, नियम होता.

त्या दिवशी हातोडेवाल्याचा गेम तपासायचा होता. घरात शिरून माणसं ठेचायची. हाड मोडल्याचा आवाज येतो का, रक्त कुठवर उडतं, हे मी जेवणापर्यंत निवांत बघत होतो. शेवटच्या घरात ओट्यापाशी एक बाई पाठमोरी उभी होती. ती एका घावात पडायला हवी होती. पडत नव्हती.

मी आधी पायऱ्या लिहून टाकल्या. पहिला घाव डाव्या मनगटावर, दुसरा उजव्या गुडघ्यावर, तिसरा डोक्यावर. करण्याआधीच लिहून मोकळं व्हायचं, ही माझी जुनी खोड.

मनगट चेचलं. हाड कातडीबाहेर आलं, पण बाई जागची हलली नाही. मला चेव आला. गुडघ्यावर असा घातला की वाटीचा चुरा झाला. तिने फक्त मान थोडी वळवली, आणि हेडफोनमध्ये कुणीतरी कण्हलं...

"दादा... पुरे..."

त्या गेममध्ये कुणालाच संवाद दिलेले नव्हते. मी हेडफोन काढून ठेवला. तेवढ्यात आईचा फोन आला.

"अरे, लवकर ये... तुझ्या बहिणीचा हात चेचलाय... गुडघा फुटलाय... ओट्यापाशी उभी होती रे, मी शेजारीच होते... घरात दुसरं कुणी नव्हतं..."

मी उठून धावलो. मागून लीड ओरडला, "अरे, तिसरा राहिला!"

"सर, त्याला हात लावू नका!"

हॉस्पिटलच्या खोलीत औषधाचा आणि रक्ताचा वास कोंडला होता. बहिणीने डोळे उघडले. तिच्या आवाजात राग नव्हता, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"दादा, दुसरा इतक्या जोरात का मारलास?"

मी तिचा धड हात धरून लहान मुलासारखा रडलो. आई काही न कळून आमच्याकडे बघत राहिली, मग चष्मा वर सारून डोळे पुसत औषधं आणायला खाली गेली.

आणि लीडचा फोन आला.

"तुझ्या पायऱ्या झकास आहेत. तिसरा घाव मीच घातला. पडली."

मी दचकून बहिणीकडे पाहिलं. ती शांतपणे श्वास घेत होती. माझा जीव भांड्यात पडला.

"पण एक नवीनच चूक सापडली," तो म्हणाला. "घाव बसताना बाई बदलली. म्हातारी झाली. चष्मा, हातात औषधांची पिशवी..."

बाहेर जिन्यात काहीतरी जड कोसळलं. कुणीतरी किंचाळलं. जिन्यावरून एक चष्मा टपटप उतरत गेल्याचा आवाज आला.

"ऐकतोयस ना?" लीड विचारत होता. "नियम म्हणजे नियम. अजून दोनदा करून बघतो."

खोलीत आता आम्ही दोघंच होतो.