सोन्याच्या सांध्याची बरणी

औरंगपुऱ्याच्या गर्दीत त्रिंबकची सायकल कस्तुराला धडकली आणि तिच्या हातातली चिनी मातीची बरणी रस्त्यावर आपटली. चार तुकडे!

"गाईडचा बिल्ला लावून फिरता, अन् समोरचं माणूस दिसंना व्हय?" ती कडाडली.

"नवी आणून देतो…"

"नवी नको. हीच पाहिजे."

तसल्या बरण्या दुकानात ढिगाने होत्या, पण कस्तुराला माघार घ्यायची सवय नव्हती. त्रिंबकने तुकडे रुमालात बांधले. "मग हीच देतो."

वेरूळला जपानी पाहुण्यांना लेणी दाखवताना त्यांच्यातल्या एका म्हातारबाकडून तो फुटकी भांडी जोडायची कला शिकला होता. झाडाच्या चिकाने तुकडे जोडायचे आणि सांधा लपवायचा नाही, उलट त्यावर सोन्याची पूड लावायची. बरणी झाली का, हे बघायला कस्तुरा दर आठवड्याला त्याच्या घरी येई, पण महिना झाला तरी चीक ओलाच! या पठ्ठ्याने बरणी पापडासारखी कडक उन्हात ठेवली होती.

"ह्याला दमट हवा लागती, हे विसरलोच," तो ओशाळला. "म्हटलं, ऊन दिलं की लवकर वाळंल."

"लवकर कशाला? माझं येणं खुपतंय व्हय?"

"नाय… वाळली की तुम्ही येणार नाय, हे ध्यानातच आलं नव्हतं."

कस्तुराने मान फिरवली. तो तिला आवडत होता, मनापासून. तिने खोक्यात ओलं गोणपाट अंथरलं आणि बरणी आत ठेवली. तेव्हा तो खाजरा चीक हातांना लागला. तिसऱ्या दिवशी कोपरापर्यंत लालभडक पुरळ उठलं, आणि नेमके तेव्हाच तिला बघायला पाहुणे आले.

"पदर ओढ हातावर," आई कुजबुजली. "त्या त्रिंबककडं, मेंढरं राखणाऱ्याच्या पोराकडं जातीस हे कळलं, तर लई बोभाटा होईल."

कस्तुराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोरी केली होती का तिने? तिने पदर खोचला आणि उघड्या हातांनी चहा नेला.

"हाताला काय झालं, बाळ?" नवऱ्या मुलाच्या आईने विचारलं.

"फुटकी बरणी जोडत होते, त्रिंबकसोबत. लग्नबी त्याच्याशीच करायचंय मला. चहा घ्या, गार होईल."

आईने कपाळावर हात मारला. पाहुणे उठायच्या आत कस्तुरा उंबरा ओलांडून त्रिंबकच्या घराकडे, छावणीच्या रस्त्याला लागली होती.

त्रिंबकने दार उघडलं, सगळं ऐकलं आणि गांगरला. "पण… मी तर अजून विचारलंच नाय!"

"मग विचार की." पहिल्यांदाच ती त्याच्याशी एकेरीत बोलली. "परत जायला मी रस्ता ठेवला नाय."

त्याने हात पुढे केला, पण पुरळ पाहून थबकला. "दुखंल…"

"दुखू दे," ती म्हणाली. "धर."