स्नेहाताईंचं उत्तर

मारुती मंदिराजवळच्या सायबर कॅफेत उर्वी ठरल्या वेळी पोचली, तर तिच्या खुर्चीत दुसरंच कुणी बसलेलं. बाहेर आडवा पाऊस, आत कुबट अंधार, आणि त्यात हे. उठा म्हणायला ती वाकली आणि पडद्यावर तिला स्वतःचंच नाव दिसलं... म्हणजे स्नेहाताईंचं.

साल होतं २००१. मुंबईची एक वेबसाइट लोकांच्या मनाची दुखणी ई-मेलवर ऐकायची आणि सगळी उत्तरं 'स्नेहाताई' या एकाच नावाने पाठवायची. मराठी पत्रांना दोन स्नेहाताई होत्या. एक उर्वी, मानसशास्त्रात नुकतीच एम.ए. झालेली. दुसरी कोण, ते तिला ठाऊक नव्हतं. पण तिची उत्तरं वाचून इतक्या मायेनं कोण लिहितं, याचं तिला रोज नवल वाटे.

"म्हणजे तुम्ही बाई नाही?" ती म्हणाली.

"अजून तरी नाही," म्हणत खुर्चीतला तरुण संकोचून उठला. सलिल त्याचं नाव, दुसरी स्नेहाताई तोच.

पावसाळाभर मग एकाने टाइप करायचं, दुसऱ्याने चहा गार होईपर्यंत बघत बसायचं. 'तुम्ही'चं 'तू' झालं. तो हसला की उर्वीचा हात कीबोर्डवर अडखळायचा... पण तोंडातून शब्द फुटेल तर शपथ! दोघांचं शिक्षणच मुळी ऐकून घेण्याचं. पुण्याच्या हॉस्पिटलची नोकरी घेऊ का, असं त्याने विचारलं, तेव्हा तिनं शिकवल्याप्रमाणे विचारलं, तुला काय वाटतं? लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण.

एका सोमवारी तिच्या वाट्याला एक निनावी पत्र आलं. 'पुण्याला नोकरी मिळते आहे. जिच्यासाठी इथं राहावंसं वाटतं, ती माझं सगळं ऐकते, स्वतःचं काही सांगत नाही. जाऊ की राहू?'

उर्वीला आनंद झाला, अगदी रडू येईल इतका. मग नियम आठवला. ओळखीच्या माणसाचं पत्र आलं तर ते मुंबईला परत पाठवायचं आणि त्याविषयी चकार शब्द काढायचा नाही. तिनं पत्र परत पाठवलं. तो समोर येऊन विचारेल तेव्हा सांगू, असं तिनं मनाशी ठरवलं. आठ दिवस गेले, सलिल काही बोलेना. नवव्या दिवशी त्यानं सांगितलं की, करारावर सही केली, दोन वर्षांचा आहे, शनिवारी निघतो.

शनिवारी एसटी स्टँडवर तो खिडकीशी बसला होता. ती खाली भिजत उभी.

"तू सांगितलंस म्हणून निघालो," तो म्हणाला.

"मी?"

"'जी बोलत नाही, तिच्यासाठी थांबू नका.' मराठी पत्रं आपल्या दोघांशिवाय आणखी कोणाकडे जातात?"

"ते मी नाही लिहिलं, सलिल. तुझं पत्र मी परत पाठवलं... नियम होता. मुंबईत कोणीतरी लिहिलं असेल."



"मग तू काय लिहिलं असतंस?"

"जाऊ नको, असं."

कंडक्टरनं घंटी मारली. "दोन वर्षं, उर्वी —" तो खिडकीतून वाकला. "थांबशील?"

ती थांबेन म्हणाली, पण इंजिनाच्या घरघरीत ते विरून गेलं. गाडी हलली. ती चिखलातून धावत सुटली आणि थांबेन, मला तूच हवा आहेस, असं ओरडून म्हणाली. सगळा स्टँड वळून बघू लागला. गाडी वळणाआड गेली. त्याला ऐकू गेलं की नाही, तिला कळेना.

पूर्णगडच्या गाडीची वाट बघत गावात मासे विकणारी गोदा कोळीण रिकामी टोपली घेऊन बाकावर बसली होती.

"आयकलंन गो बाय त्यानं," ती म्हणाली. "मान हलवलीन. ये, आडोशाला ये."

उर्वी तिच्याशेजारी बसली आणि अथपासून इतिपर्यंत सगळं तिला सांगत सुटली.