वाकड्या मानेचा पोपट

वरचा मजला न्याहाळत मागं मागं सरणारा पावणा जहाँआराच्या अंगावरच आदळला, आणि त्याच्या हातातले कागद जुन्नरच्या पेठेत विखुरले.

"माफ करा... मी वर बघत होतो."

"वर बगत उलटं चालायचं असतं व्हय?" कागद गोळा करत ती म्हणाली.

१९०७ साल ते. इस्माईल पुण्याहून जुन्या दुकानांची चित्रं काढायला आला होता. जहाँआरासोबत असलेले तिचे अब्बा कमरुद्दीन पेठेतले नावाजलेले सुतार; आता मोतीबिंदूनं नजर गेलेली.

"चला पावणं, दुकानं मी दाखवतो," म्हणत ते लेकीच्या खांद्यावर हात ठेवून निघाले.

कापडवाल्याची खोल ओसरी, अत्तरवाल्याच्या महिरपी, वखारीचा लोखंडी पट्ट्यांचा दरवाजा... अब्बा सांगत होते, इस्माईल रेघा ओढत होता. मधूनच त्याची नजर कागदावरून निसटे — आणि जहाँआरा ओढणी सावरी.

तांबटाच्या दुकानापाशी तो हसला. "सगळं सुरेख, पण खांबावरचा हा पोपट! मान वाकडी, चोच बदकाची. कुणा शिकाऊला बसवलं होतं?"

जहाँआराचं तोंड उतरलं. अब्बांची नजर गेल्यावर तो पोपट तिनंच कोरला होता, माळ्यावर दार लावून. पेठेला वाटे, काम अब्बांचंच.

"माझाच हाय," अब्बा शांतपणे म्हणाले. "हात चुकला, राव."

इस्माईलचं हसू थिजलं. जहाँआराला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक तिची, आणि मान अब्बांची खाली! तांबट, गिऱ्हाईकं, सगळी ऐकत होती...

"अब्बांचा न्हाई," ती म्हणाली. "मी कोरलाय."

अब्बांचा हात तिच्या खांद्यावर घट्ट झाला. ती त्यांना घेऊन घरी आली आणि दोन दिवस कोरायच्या पटाशीला शिवली नाही.

तिसऱ्या दिवशी इस्माईल दारात उभा, कानापर्यंत लाल.

"मला... माझीच लाज वाटते."

"मग हसला कशाला?"

"तुम्ही बघावं म्हणून. शहाणपणा दाखवायला गेलो." तो घुटमळला. "अजून एक विचारायचंय. अब्बांना विचारू, की... आधी तुम्हाला?"

"माझं डोळं गेल्यात पावणं, कान न्हाई!" आतून अब्बांचा आवाज आला.

जहाँआरानं हसू दाबलं. "आधी मला."

त्यानं विचारलं, इतक्या हळू की ऐकायला तिला उंबऱ्यापर्यंत यावं लागलं. विचारताना त्याची मान खालीच होती. आणि "व्हय" म्हणताना तिचीही काही केल्या वर होईना.