मर्मर

शाळेच्या व्हरांड्यात, हातपंपाच्या बाजूच्या भिंतीवर, काळ्या रंगाचा एक चौकोन आहे. वर पांढऱ्या ऑइलपेंटनं ‘आजचा शब्द’ असं लिहिलंय आणि खाली चार ओळी आखल्यात: शब्द, अर्थ, मूळ, वाक्य. पाटोदा तालुक्यातल्या त्या डोंगराकडेच्या गावात विलास सर बदली होऊन आले, त्याच वर्षी त्यांनी हा चौकोन स्वतः ब्रश घेऊन रंगवला. इंग्रजी शिकवणारे मास्तर पुष्कळ असतात. पण शब्दाच्या सात पिढ्यांची चौकशी करणारा मास्तर गावानं पहिल्यांदाच पाहिला. टेबल कुठल्या मुलखातून आलं, पगाराला सॅलरी का म्हणतात, हे पारावरच्या म्हाताऱ्यांना ऐकवल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. लोक त्यांना पाठीमागे ‘डिक्शनरी सर’ म्हणत. सरांना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

शाळा खाली ओढ्याजवळ, घर वर माळावर. मधे दहा-बारा मिनिटांचा उभा चढ. सकाळी उतरायचं, संध्याकाळी चढायचं. सोबत सहावीतली मुलगी, प्रियदर्शनी. तिनं सरांच्या डाव्या हाताचं बोट धरलेलं असायचं, आणि निम्म्या चढावर लिंबाचं झाड आलं की ती ते बोट मागे ओढायची.

“पप्पा, हळू.”

“चल गं म्हातारे. तुझ्याएवढा होतो तेव्हा आमच्या गावी मी डोक्यावर कळशी घेऊन चढायचो.”

बापलेकीचं हे रोजचंच होतं. त्यात वावगं काही आहे असं कुणालाच वाटलं नाही.

मागच्या दिवाळीनंतर एका सकाळी ती म्हणाली, “पप्पा, कुशीवर झोपलं का माझ्या कानात काहीतरी वाजतंय. छातीतून येतंय.”

सरांनी वाकून तिच्या छातीला कान लावला. ठोक्यांच्या मधे खरंच एक बारीक आवाज होता, वाळल्या कडब्यातून वारं फिरावं तसा. त्यांनी मान वर केली तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. पुढे बाकी सगळं एक वेळ विसरता आलं असतं, पण हे नाही. त्या क्षणी आपला चेहरा उजळला होता.

“ह्याला शब्द आहे,” ते म्हणाले.

कपाटातून त्यांनी जाडजूड कोश काढला. मर्मर. सतत चाललेला बारीक, अस्पष्ट आवाज. पानांचा, पाण्याचा, माणसांच्या कुजबुजीचा. दुसरा अर्थ, दबक्या आवाजातली तक्रार. तिसरा बोलण्यातला, ‘विदाउट अ मर्मर’, म्हणजे चकार शब्द न काढता. मूळ लॅटिन. आणि गंमत अशी, की आपल्या संस्कृतातही वाळल्या पानांच्या आवाजाला मर्मरच म्हणतात. हजारो मैलांवरच्या दोन माणसांनी कान देऊन एकच आवाज ऐकला आणि दोघांच्या तोंडून एकच शब्द निघाला, हे लेकीला सांगताना सरांचा आवाज कापरा झाला. कोशात अर्थ चार होते. त्यांनी तिसऱ्यावर पुस्तक मिटलं.

दुसऱ्या दिवशी चौकोनात तोच शब्द लागला. वाक्य प्रियदर्शनीनं केलं. माझ्या छातीत एक मर्मर आहे, असं तिनं वहीत इंग्रजीतून, वळणदार अक्षरात लिहिलं. सरांनी लाल पेननं बरोबरची खूण केली आणि खाली लिहिलं, ‘छान’.

फेब्रुवारीत ती चढावर पडली. त्या दिवशी सर मोबाइलवर बोलत वीस-पंचवीस पावलं पुढे गेले होते. “चल गं लवकर,” ते मागे न बघता म्हणाले, आणि मागून उत्तर आलं नाही. जीपमधून तिला बीडला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, मुलीला धाप लागायची का, सांधे दुखायचे का. हृदयाची झडप खराब झाली होती, ते म्हणाले, एवढी मोठी मर्मर कुणीही तपासलं असतं तर कळली असती. डॉक्टरांनी तोच शब्द वापरला. सर नुसती मान हलवत राहिले.

तिच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले, आणि सरांनी कोश उघडला. चौथा अर्थ एका ओळीचा होता. हृदयाच्या ठोक्यांमधला सदोष आवाज. जूनपर्यंतचे चारही महिने सर रजेवर होते, आणि त्या ओळीपलीकडे त्यांनी काहीही वाचलं नाही.

जूनमध्ये शाळा भरली. भिंतीवरचा चौकोन कोराच राहिला. पहिल्याच आठवड्यात सहावीतली ज्योत्स्ना भर तासाला उभी राहिली.

“सर, काहीतरी वाजतंय.”

“काय वाजतंय?”

“बारीक. कडब्यात वारं शिरल्यावानी.”

ही उपमा सरांनी आजवर कुणाला सांगितली नव्हती. त्यांनी पंखा बंद केला. पत्र्याखाली गांधीलमाशांचं पोळं आहे का ते बाकावर चढून पाहिलं. काही नव्हतं. मुख्य म्हणजे त्यांना स्वतःला काहीच ऐकू येत नव्हतं, आणि तीस पोरं मात्र माना वाकड्या करून ऐकत होती.

मुख्याध्यापक आबासाहेब रोखठोक माणूस. तेही एकदा डबा खाता खाता थांबले. “विलासराव, पंखा बंद हाय ना?”

“सकाळपासून लाइटच नाही सर.”

आबासाहेबांनी डबा अर्धा टाकून झाकण लावलं. जुलैत सर दहा दिवस ट्रेनिंगला बीडला जाऊन आले, तेव्हा आबासाहेब नजर चुकवून एवढंच म्हणाले, “तुमी न्हवता तवर शाळा गप होती.”

सरांच्या घरात बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर होती. भूतखेत, अंगारे, अंगात येणं या गोष्टींना तीन पिढ्यांपासून उंबऱ्याच्या आत जागा नव्हती. सरांनी सरळ विचार केला. आवाज आपल्याबरोबर फिरतो, म्हणजे तो आपल्याच छातीत असला पाहिजे. हे सुचलं तेव्हा त्यांना भीती वाटली नाही. उलट कितीतरी दिवसांनी थोडं बरं वाटलं. तसं असेल तर हिशेब सरळ होता, आणि ते त्याला तयार होते.

पाटोद्याच्या डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावून बराच वेळ तपासलं. “छाती लख्ख आहे,” ते म्हणाले. मग त्यांनी कानातल्या नळ्या काढल्या आणि तशीच मान कलती ठेवून बसले.

“सोबत कुणी आलंय का?”

“नाही. एकटाच आहे.”

गोळ्या लिहून देताना डॉक्टरांनी दोनदा सरांच्या डाव्या बाजूच्या रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं. सर एस.टी.त बसले तेव्हा त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. ती शिक्षासुद्धा आपल्या वाट्याला येणार नव्हती.

घरी बायको सत्यशीला फारसं बोलायची नाही. संध्याकाळी सर चढ संपवून आले की ती दारात उभी असायची आणि एकच विचारायची, “एवढं भरभर कावून चालता?” सर म्हणायचे, “सवय आहे.” मग ती चटईजवळ दोन ग्लास पाणी ठेवायची, एक भरलेला आणि एक अर्धा. अर्धा प्रियदर्शनीचा. तिला कधी पूर्ण संपायचा नाही. ही सवय आज ना उद्या सुटेल असं सरांना वाटायचं, आणि सुटली तर आपल्याला ते सोसणार नाही असंही वाटायचं.

ऑगस्ट संपत आला होता. शाळा सुटल्यावर ज्योत्स्ना हातपंपावर बाटली भरत होती. सर तिच्याजवळ जाऊन उभे राहिले.

“बाळा, खरं सांग. तो आवाज माझ्या छातीतून येतो का?”

ती बाटलीचं बूच लावत राहिली. मग तिनं मान हलवली.

“न्हाई सर. तुमच्यातून न्हाई.”

“मग?”

ती त्यांच्या डाव्या अंगाला आली, पण अगदी जवळ आली नाही. कुणीतरी आधीच तिथं उभं असावं तेवढी जागा तिनं सोडली. मग हात लांब करून तिनं तळवा हवेत धरला. तो बरोबर तिच्याच छातीच्या उंचीवर होता.

“हितून.”

सरांनी त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

“तुमी चालायला लागला का वाढतंय,” ज्योत्स्ना म्हणाली. “थांबला का हळूहळू कमी व्हतंय.”

ती निघून गेली.

मग सरांनी पिशवी उजव्या हातात घेतली. डाव्या हाताची मूठ उघडली आणि एक बोट मोकळं सोडलं.

चढ लागला. ते एक पाऊल टाकायचे, थांबायचे, मग दुसरं टाकायचे. वरून शेळ्या घेऊन उतरणारी म्हातारी छबुबाई त्यांच्याकडे बघत राहिली. सरांनी शेळ्यांना वाट दिली, पण आपल्या डाव्या हाताला एका माणसाची जागा राखून.

लिंबाशी ते थांबले. वारा पूर्ण पडला होता. त्यांनी श्वास रोखून कान दिला.

काही नाही.

अख्ख्या शाळेला ऐकू येत होतं. ज्यानं त्या आवाजाला नाव दिलं, त्या एकट्याला येत नव्हतं.

“दम घे,” ते मोठ्यानं म्हणाले. “घाई नाही आपल्याला.” आणि मग त्यांना उभं राहवेना. लिंबाच्या बुंध्याला टेकून तो पंचेचाळीस वर्षांचा माणूस लेकरासारखा रडला.

पुढे ते आणखी दोनदा थांबले. दहा मिनिटांच्या वाटेला पाऊण तास लागला.

सत्यशीला दारात उभी होती. आज तिनं काही विचारलं नाही. ती बाजूला सरली, एका माणसाला लागते त्याहून जास्त.

सर चटईवर बसले. तिनं भरलेला ग्लास त्यांच्या समोर ठेवला आणि अर्धा ग्लास त्यांच्या डाव्या हाताशी.

“आज हळू आणलंत,” ती म्हणाली.

सरांनी वर पाहिलं. ती त्यांच्याकडे बघत नव्हती.

“रोज दारात येती तवा लई धापा टाकत असती. जूनपासून सांगतेय तुमाला, एवढं भरभर चालू नका.”