रांजणातला दुसरा आवाज

काठावर

गाणं जमिनीतून येत होतं.

द्राक्षतोडणीसाठी मी राजधानीतून, तिबिलिसीहून, गावी घरी आले होते. बॅग अजून खांद्यावरच होती. रांजणघरात पाऊल टाकलं, तर पायाखाली कुणीतरी गात होतं — बेसूर, पण अगदी मनापासून. आमचे वाइनचे रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले. एकाच्या तोंडातून वाकून पाहिलं. खाली ओला अंधार, चेरीच्या झाडाच्या सालीचा घासणा, आणि वर बघणारे दोन डोळे.

"उजेड अडवू नकोस," डोळे म्हणाले. मग जरा थांबून, "की... तूच उजेड आहेस?"

"मी मालकांची मुलगी आहे. एलिसो."

"मग अडव. तुमचाच उजेड आहे."

"गाणं का थांबवलंस? थांबलं की वरच्यांनी दोर ओढायचा असतो."

"माहीत आहे ना," तो म्हणाला. "ओढ की!"

मी ओढला नाही. हसले — पण त्याला दिसू नये म्हणून मागे सरकून.

खांद्यापर्यंत

त्याचं नाव रमाझ. रस्त्यापलीकडे युद्धात घरं गमावलेल्यांची वसाहत आहे, सारख्या पांढऱ्या घरांची, तिथला. बाबांनी आमची टेकडीची जमीन त्या लोकांना कसायला दिली होती, एकाच अटीवर — विषारी फवारणी नाही. "गवत वाढू दे, किडे येऊ देत, द्राक्ष लहान झालं तरी चालेल. मी घेईन, सगळं घेईन," असा शब्द दिला होता.

रमाझ रोज रांजण धुवायचा. मी वर बसून ऐकायचे. आमच्याकडची रीतच आहे — उतरणाऱ्याने गायचं, वरच्याने ऐकायचं. रस आंबून त्याला उकळी फुटते तेव्हा एक जड हवा सुटते. दिसत नाही, वासही नाही. माणूस झोपतो आणि उठत नाही.

"वरच्या सुराला तुझा आवाज दर वेळी फाटतो," मी म्हणायचे.

"फाटत नाही. दार उघडतो. कुणी आत यावं म्हणून."

"कुणी येणार नाही."

"तू रोज येतेस."

मी त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं.

पण एकदा, तो श्वास घ्यायला थांबला होता तेव्हा, गाण्याचा शेवटचा सूर रांजणात जरा जास्तच वेळ राहिला. तो होता त्या रांजणात नाही. कोपऱ्यातल्या. मोठ्या. झाकलेल्या.

"घुमतं," रमाझ म्हणाला.

झाकलेला रांजण कसा घुमेल?

कंबरेपर्यंत

त्या वर्षी टेकडीने भरभरून दिलं. वसाहतीतल्या बायका गाड्यांवर गाड्या द्राक्षं घेऊन फाटकाशी उभ्या राहिल्या. सगळे रांजण भरलेले, आतला रस खदखदत होता. रिकामा एकच — कोपऱ्यातला.

"तो नाही," मकवाला आत्या म्हणाली.

त्यात ओतारकाका गेले होते, तिचे यजमान. गाणं मध्येच थांबलं, आणि वर बसलेल्या आत्याला वाटलं, रुसलेत. सकाळी भांडण झालं होतं. तिनेही मग रुसून घेतलं... दोर ओढायला उशीर झाला.

"मकवाला, मी शब्द दिलाय," बाबा म्हणाले. "फवारणी न केलेली इवलीशी द्राक्षं दुसरं कोण घेणार? उद्यापर्यंत नासतील. वर्षाची मेहनत आहे त्यांची."

"माझ्या आईचीही आहेत त्या गाडीत," रमाझ म्हणाला आणि दोर काखेखालून बांधू लागला. आतली हवा तपासायला मेणबत्ती सोडून पाहिली. शांत जळाली. मग तो रांजण धुवायला उतरला. बाहेर बोचरा वारा सुटला, म्हणून बाबांनी दार लोटून घेतलं. चूक तीच. शेजारचे रांजण उकळत होते, आणि ती हवा पाण्यासारखी जमिनीवरून वाहते — खोलगट जागा शोधत. आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

तळाशी

आत — गाणं.

वर — मी, काठावर हनुवटी टेकून. आत्या भिंतीशी, कान झाकून.

आत — गाणं. घासण्याचा आवाज. वरचा सूर. फाटला.

वर — "फाटला!"

आत — "दार उघडलंय, ये!"

आत — गाणं.

आत — गाणं. घासणं बंद.

वर — हात दुखला असेल.

आत — गाणं. वरचा सूर. स्वच्छ. गोल. दुधासारखा.

वर —

वर — आत्याने कानांवरचे हात काढले. तिचा चेहरा... तसा चेहरा मी नवरीचाच पाहिलाय.

"ओतार," ती म्हणाली.

आत — गाणं. किती सुंदर गाणं! असं ऐकत बसावं आणि डोळे मिटावेत.

वर — "हा रमाझ नाही! बाबा, हा तो नाही! ओढा!"

"अगं, गातोय की तो —"

"ओढा!"

दोर जड होता. आम्ही तिघं ओढत होतो, तो वर वर येत होता, मान लुळी, ओठ मिटलेले, निळे. आणि खाली गाणं चालूच होतं. कडवं पूर्ण करूनच थांबलं.

वर

बाबांनी त्याला दाराबाहेर वाऱ्यात आणलं. मी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून हाका मारत होते. कितीतरी वेळाने तो खोकला.

"आत कुणीतरी होतं," तो पुटपुटला. "म्हणालं, तू बस, मी गातो... तुला कसं कळलं, एलिसो?"

"तू इतकं चांगलं गात नाहीस."

"जीव जाताना तरी खोटं बोलायचं."

"जाऊ देणार नव्हतेच," मी म्हणाले, आणि मग सगळ्यांदेखत रडायला लागले. झालं, आता गावभर कळणार.

आत्या मात्र काठावर बसली होती, खाली पाय सोडून. "वेड्या," ती अंधाराला म्हणत होती, लाडाने, "तेव्हा गाणं थांबलं म्हणून तुला वाटलं, या वेळी थांबू द्यायचं नाही. होय ना? अरे, पण थांबलं तरच ओढतात ना रे..."

तिने स्वतः झाकण ओढलं. त्यावर माती लिंपली. "हा रांजण भरलेला आहे," बाबांना म्हणाली.

मग बाबांनी घरातला न्हाणीचा टब अंगणात आणला. आत्याने कपडे धुवायचं पिंप. वसाहतीतून टोप, घंगाळं, एका बाळाचं आंघोळीचं घमेलंसुद्धा आलं. जे मिळेल त्यात द्राक्षं पडली. रमाझची आई आणि माझी आत्या एकाच पिंपात उभ्या राहून तुडवत होत्या आणि स्वयंपाकात मीठ किती घालायचं यावरून भांडत होत्या.

आम्हाला टब मिळाला. समोरासमोर, गुडघ्यापर्यंत जांभळे. तो अजून फिकट होता. मी त्याचे खांदे धरले होते — पडू नये म्हणून, असं सांगायला बरं.

"एलिसो," तो हळूच म्हणाला, "वसाहतीतलं घर लहान आहे. सारखंच आहे सगळ्यांसारखं. पण... येशील?"

तो वाट बघत राहिला. त्याच्या पायाची बोटं रसाखाली माझ्या बोटांना लागली.

तेवढ्यात बंद रांजणघरातून, मातीच्या खालून, कुणीतरी खर्जात हुंकार भरला. लांब. समजूतदार.

पिंपातल्या दोघींचे पाय एकदम थांबले. बाबांनी छातीवर क्रूस काढला. आत्या वर न बघता म्हणाली, "लवकर बोल गं पोरी. तो आता ऐकल्याशिवाय झोपायचा नाही."

"येईन," मी म्हणाले. जमिनीतही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.